फाईलमध्ये टाकणे बाकी

मंगळवारी सकाळी पावणेआठला तुम्ही गेलात. सव्वाआठला वहिनींचा फोन आला. मी के. आर. पुरमला मेट्रोच्या जिन्यावर होते. साडेनऊला जयनगरला तुमच्या घरी पोचले. त्या वेळी तुमचा प्रोग्रॅम चालू होता.

तो चालूच राहिला, अण्णा. तुम्हाला नेलं तेव्हाही चालू होता. दुपारी मी तुमच्या दारातल्या चपलांच्या ढिगात माझी चप्पल शोधत होते आणि माझ्या फोनवर संदेश आला: 'चारची विचारणा पूर्ण.' त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मला राग आला. तो अजून पुरता गेलेला नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. ऑफिसात तुमच्यावर एक पत्र फिरलं. तुम्ही मनमिळाऊ होतात, नव्या लोकांचा आधार होतात, असं त्यात आहे. खोटं नाही. पण तुम्ही बदललेली सेटिंगं कधीही फाईलमध्ये लिहिली नाहीत, हे त्या पत्रात कुणी लिहिलं नाही. ते मी लिहिते.

सगळ्यांत आधी तुमचं काम मला वहिनींना समजावून सांगावं लागलं, कारण इतक्या वर्षांच्या संसारात ते तुम्ही सांगितलं नव्हतंत. "हे नक्की काय करायचे गं, मेधा? येणारे लोक विचारतात." मी म्हटलं, डायलिसिसच्या रुग्णाला आठवड्यातून तीनदा खुर्चीवर बसावं लागतं. केंद्रं गावोगावी, खुर्च्या थोड्या. अण्णांचा प्रोग्रॅम रोज दुपारी चारला प्रत्येक केंद्राच्या कॉम्प्युटरला विचारतो, उद्या तुमच्याकडे किती खुर्च्या? उत्तर आलं की रुग्णांना वेळा कळवतो. ठरलेल्या सेकंदांत उत्तर आलं नाही, तर ते केंद्र उद्या बंद आहे असं धरतो आणि तिथल्या रुग्णांना दुसऱ्या केंद्रावर जायला सांगतो.

"आणि हे काय करायचे?"

"ते त्या प्रोग्रॅमकडे बघत बसायचे."

"तेवढं मला दिसायचं," वहिनी म्हणाल्या.

मलाही पहिल्या दिवशी तेवढंच दिसलं होतं. मी तुमच्याकडे आले ती जावा या प्रोग्रॅमिंगच्या भाषेची दोन जाड पुस्तकं वाचून, पानांना खुणा करून. निपाणीच्या शाळामास्तरांची मुलगी. वाचल्याशिवाय हात लावायचा नाही हे घरचं वळण. तुम्ही पुस्तकं हातात घेतलीत, वजन बघितलंत आणि परत दिलीत. मग मला तुमच्या पडद्यासमोर बसवलंत. जावामध्ये एक सोय असते, जेएमएक्स तिचं नाव. प्रोग्रॅम न थांबवता, दूरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवरून त्याच्या आत बघता येतं. मेमरी किती भरली, रांगेत किती कामं आहेत, कोण कुणासाठी अडून बसलंय. पडद्यावर मेमरीची रेघ चढत होती, एकदम खाली पडत होती, पुन्हा चढत होती. करवतीचे दात.

"काय करायचं?" मी विचारलं.

"बघायचं."

"बघून?"

"सुम्ने बघायचं गं. उगाच. संध्याकाळपर्यंत."

मी बघितलं. वही काढून नोंदीही केल्या, त्यावर तुम्ही मान हलवलीत. पाच वाजता मी म्हणाले की तीन वाजल्यापासून दात जवळ जवळ यायला लागले होते आणि साडेचारनंतर पुन्हा लांब झाले. तुम्ही कॉफीचा पेला खाली ठेवलात. "चारची तयारी चालते तेव्हा. हे मी कुणाला सांगत नाही. ज्याला दिसतं त्याला दिसतं. सरी, मास्तरीणबाई, आय्तु." सरी म्हणजे बरं, आणि आय्तु म्हणजे झालं. कानडीतला हा आय्तु तुम्ही आयुष्यभर भांडण मिटवायला वापरलात. माझी एकूण एक भांडणं त्याच शब्दाखाली गाडलेली आहेत.

चालत्या प्रोग्रॅमकडे नुसतं बघत राहायचं आणि त्याची चाल ओळखायची, हे माझ्या दोन्ही पुस्तकांत नव्हतं. ते तुम्ही दिलंत. हे एकदा लिहून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणी लिहिता येईल.

कारण जेएमएक्सच्या त्या खिडकीतून नुसतं बघता येत नाही, हातही घालता येतो. काही आकडे निळ्या अक्षरांत दिसतात. निळा म्हणजे बदलता येणारा. त्यावर दोनदा टिचकी मारायची, नवा आकडा घालायचा, एंटर. पलीकडचा प्रोग्रॅम त्या क्षणापासून तसा वागू लागतो. मात्र तो बदल फक्त चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत असतो. प्रोग्रॅम थांबला की गेला. पुन्हा सुरू होताना प्रोग्रॅम सेटिंगची फाईल वाचतो आणि फाईल सांगेल ते खरं मानतो. म्हणून आकडा बदलला की तो फाईलमध्येही लिहायचा. कॉलेजातून परवा बाहेर पडलेली पोरंही हे जाणतात. तुम्हालाही ठाऊक होतं. तुम्ही करत नव्हता.

आणि त्यापायी कधी काही बिघडलंही नाही, हाच खरा मनस्ताप. वर्षा-दीड वर्षाने प्रोग्रॅम थांबवून सुरू करावा लागायचा, तेव्हा तुम्ही खुर्ची पुढे ओढून बसायचात आणि सगळे निळे आकडे आठवणीतून एकामागून एक भरायचात, पाढे म्हटल्यासारखे. मी मागे उभी. "अहो, हे लिहून ठेवलं असतं तर एका मिनिटाचं काम होतं." तुम्ही न वळता म्हणायचात, "लिहिलं की माणूस विसरतो."

"आणि नाही लिहिलं तर दुसऱ्याला कळत नाही!"

"दुसऱ्याला कशाला कळायला हवं? मी आहे की."

मी माझ्या जागेवर जाऊन बसायचे आणि तुम्ही त्या खिडकीतलं मेमरीतला कचरा काढायचं बटण दाबायचात. त्याचाही मला वैताग. जावा तो कचरा आपला आपण काढते, बटण दाबायची काही गरज नसते, हे मी तुम्हाला पुस्तक उघडून पानासकट दाखवलं होतं. "माहीत आहे," तुम्ही म्हणालात. "पण मला बरं वाटतं."

तुमच्या माझ्या मराठीवरूनही हेच. तुमच्या घराण्याला बेंगळुरूत येऊन साडेतीनशे वर्षं झालेली, त्यामुळे तुमच्या मराठीत अर्धे शब्द माझ्या पणजीच्या वेळचे आणि उरलेले कानडी. मी एकदा तुमचं एक पत्र दुरुस्त करून दिलं, लाल पेनाने. ते वाचून तुम्ही विचारलंत, "आमचे पूर्वज इथं घोड्यावरून आले. तू कशाने आलीस?"

"बसने."

"मग थोडं दमाने घे."

तुमच्यावर मी एकदाच खरोखर चिडले. चालू प्रोग्रॅममध्ये हात घालायची ती वाट तुम्ही सताड उघडी ठेवली होतीत. पासवर्ड नाही, काही नाही. ज्याला पत्ता कळेल त्याने बाहेरून यावं, आकडे बदलावेत, वाटलं तर प्रोग्रॅम बंद करून जावं. मी तडक तुमच्या टेबलाशी आले. तुम्ही म्हणालात, "कोण येतंय गं आपल्याकडे?" मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही ती वाट बंद केलीत, एकच किल्ली तयार केलीत, ती तुमच्या जयनगरच्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवलीत आणि मला सांगायला आलात, "आता फक्त मीच जाऊ शकतो. खूश?" मी खूश होते, अण्णा. किल्ल्या किमान दोन हव्यात, हे त्या दिवशी मला सुचलं नाही. यातला अर्धा दोष माझा आहे. तो मी इथे मान्य करते, कारण तुमच्यासमोर केला नसता.

आता सोमवार. तुम्ही गेलात त्याच्या आदल्या दिवसाबद्दल लिहायचं मी टाळत होते. जुनं मशीन बंद होणार होतं आणि त्या रविवारी तुमचा प्रोग्रॅम नव्या मशीनवर हलवायचा होता. हलवायचा म्हणजे जुना थांबवायचा आणि तिकडे नवा सुरू करायचा. तुम्ही मार्चमध्ये निवृत्त होणार होतात, म्हणून या वेळी सगळे आकडे फाईलमध्ये लिहूनच सुरू करायचं, असं आपलं ठरलं होतं. ठरून तीन महिने झाले होते. सोमवारी संध्याकाळी मी फोन केला.

"अण्णा, आकड्यांची यादी?"

"पुढच्या आठवड्यात देतो."

"रविवारी मशीन बदलायचंय!"

"मग शनिवारी बसू. स्वल्प कॉफी घेऊ, बसू. कशाला घाई करतेस?"

"किती वेळा सांगायचं ओ तुम्हाला? निवृत्त होताना डोक्यातच घेऊन जाणार काय सगळं? मागे आम्ही काय करायचं?"

तुम्ही म्हणालात, "सरी, आय्तु." आणि मी, तुमच्या आधी, फोन ठेवला. नेहमी तुम्ही ठेवायचात. त्या दिवशी मला तेवढंही जिंकायचं होतं.

गुरुवारी ऑफिसात निखिलने, आमच्या पुण्याहून आलेल्या नव्या मॅनेजरने, दार लोटून मला समोर बसवलं. वाईट मुलगा नाही. तुमच्यासाठी त्याचे डोळे खरंच भरले होते. पण मशीन बंद व्हायचं होतं.

"मेधा, आय नो हे टफ आहे. पण रविवारी सिंपल रीस्टार्ट करू. फाईल आहे ना आपल्याकडे?"

"फाईलमध्ये अण्णांचे आकडे नाहीत."

"मग फाईलमधलेच खरे. सेटिंग फाईलमध्ये नसेल तर ते सेटिंगच नाही. तूच मला जॉइन झाल्यावर शिकवलंस हे."

मीच शिकवलं होतं. शब्द माझे होते, सूरसुद्धा माझाच. आणि ते ऐकताना, दहा वर्षं तुमच्याशी याच वाक्यावरून भांडलेली मी तुमच्या बाजूने उभी राहिले. मी त्याला घाटातल्या केंद्राचं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी तिथलं नेटवर्क संथ झालं, वीस सेकंदांत उत्तर आलं नाही, प्रोग्रॅमने केंद्र बंद धरलं आणि तिथल्या रुग्णांना सत्तर किलोमीटरवरच्या केंद्रावर पाठवलं. त्यातले एक म्हातारे गृहस्थ दोन बस बदलून तिथे गेले, तर तिथे खुर्ची रिकामी नव्हती. आल्या वाटेने परत. अंगावर सूज घेऊन. दुसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसात फोन केला आणि तो तुम्ही घेतलात. वीस मिनिटं तुम्ही फक्त "हौदु, हौदु" म्हणत होतात. खरं आहे, खरं आहे. फोन ठेवलात आणि कुठलातरी निळा आकडा बदललात. नंतर तसं कधी झालं नाही. आकडा किती, ते मला ठाऊक नव्हतं.

"फाईलमध्ये सगळ्यांना वीस सेकंद आहेत," मी म्हटलं. "फाईलवरून सुरू केलं तर सोमवारी तेच म्हातारे पुन्हा दोन बस बदलतील."

"मग सगळ्यांना दोनशे देऊ."

हेही मी तुम्हाला एकदा म्हटलं होतं. म्हणून तुमचं उत्तर मला पाठ होतं, तेच त्याला ऐकवलं. प्रोग्रॅम एकेका केंद्राला विचारतो, सगळ्यांपाशी असं थांबत बसला तर चारची विचारणा सहालाही संपायची नाही. निखिलने कपाळ चोळलं. त्याने मला एक आठवडा दिला. पुढचा रविवार. त्यानंतर मशीन राहणार नव्हतं.

आत शिरायच्या दुसऱ्या वाटा होत्या, पण त्या सगळ्या चालू प्रोग्रॅमला थोडा वेळ का होईना गोठवणाऱ्या. चौदा महिने न थांबता चाललेला प्रोग्रॅम गोठवून पुन्हा हलेल याची मला खात्री नव्हती. राहिली तुमची किल्ली. म्हणजे तुमचं घर, सुतकातलं. नवव्या दिवशी मी तुमच्या दारात उभी राहिले आणि तुमच्या बायकोला म्हणाले, "वहिनी, मला अण्णांच्या कॉम्प्युटरवर बसायचंय." अशी लाज मला आजवर कधी वाटली नव्हती, आणि ती तुम्ही आणलीत.

वहिनींनी मला आतल्या खोलीत नेलं. कॉम्प्युटर चालू होता. त्याच्या कडेला तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: 'बंद करू नये.' "लग्नाच्या भटजीने सांगितल्यासारखं सांगून ठेवलंय यांनी," त्या म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात दोनदा लाईट गेली. खालचा बॅटरीचा डबा कूं कूं ओरडत होता, पण हा बंद पडला नाही. मीपण नाही केला." पासवर्ड त्यांना माहीत होता. त्यांनी मला भिंतीकडे तोंड करायला लावलं आणि मगच तो टाकला. तुमच्याकडे सुरक्षेचा कडक नियम पाळणारं एक माणूस होतं तर.

खिडकी उघडीच होती. करवतीचे दात चढत होते, पडत होते.

मी फाईलची छापील प्रत मांडीवर घेतली आणि एकेक निळा आकडा ताडून बघायला लागले. अकरा आकडे फाईलपेक्षा वेगळे निघाले. घाटातलं केंद्र: वीसऐवजी पंच्याण्णव. शंभर का नाही, नव्वद का नाही? एका केंद्राचा सकाळचा संदेश सातऐवजी पाच चाळीसला. एकाला पाचऐवजी सात वेळा विचारायचं. एका रुग्णाला संदेश पाठवायचा नाही, फोनच करायचा. मी उतरवून घेत होते आणि मनात तुम्हाला शिव्या देत होते. आकडे मिळत होते, पण ते तसे का, याचा कुठे पत्ता नव्हता. कारण कळल्याशिवाय लिहिलेला आकडा म्हणजे पुढच्या माणसाने पुसायला ठेवलेला आकडा. परिस्थिती बदलली की कोणीतरी शहाणा येऊन म्हणेल, हे पंच्याण्णव काय आहे, काढून टाका. तो शहाणा पाच वर्षांनी मीही असू शकते.

वहिनी कॉफी घेऊन आल्या तेव्हा मी यादीच्या तळाशी पोचले होते. तिथे 'इतर' नावाचा एक कप्पा आहे. मी तो वर्षानुवर्षं उघडला नव्हता, कारण त्यात कधीच काही नव्हतं. आता त्यात एक निळी ओळ होती: 'टिपण.' चौदा महिन्यांपूर्वी प्रोग्रॅम नव्याने सुरू केला, त्याच वेळी तुम्ही ही जागा घातली असणार. त्याच वेळी मी तुम्हाला मागे उभी राहून सगळ्यांत जास्त बोलले होते. टिचकी मारल्यावर ती ओळ खाली उलगडत गेली. रोमन अक्षरांतली मराठी, मध्येच कानडी.

'घाट केंद्र ९५. स्वतः जाऊन मोजलं, ८८ लागले, पाऊस नव्हता. म्हणून ९५.'

'५.४० चा मेसेज: त्या गावातून बस एकच, सहाला. त्याआधी कळायला हवं.'

'सात वेळा: रिसेप्शनच्या अक्का चारला देवाला दिवा लावायला उठतात. कॉम्प्युटर झोपतो.'

'मेसेज नको, फोन: त्या बाईंना वाचता येत नाही. मुलगा सांगत नाही.'

तुम्ही घाटात गेला होतात. कधी? वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, एका शनिवारी डबा घेऊन पहाटे गेले होते, ऑफिसचं काम म्हणून. आले ते घड्याळ हातात धरून. मला सांगितलं नाहीत. सांगितलं असतंत तर मी म्हटलं असतं, अण्णा, हे इथे बसून मोजता येतं. येतंच. पण तिथला कॉम्प्युटर कुठल्या खिडकीत ठेवलाय, तो लावणारी बाई किती जणांना एकटी बघते, हे इथे बसून कळत नाही. तेही तुम्ही लिहिलं होतंत, एका ओळीत.

मी सांगत होते तसं तुम्ही लिहिलंत. चौदा महिने लिहीत होतात. कारणांसकट, माझ्या बाबांनी पाठ थोपटली असती इतकं नेटकं. आणि लिहिलंत कुठे? चालू प्रोग्रॅमच्या मेमरीत! जी प्रोग्रॅम थांबताच पुसली जाते! गुरुवारी मी निखिलला हो म्हटलं असतं तर पहिल्या रविवारी दुपारी हे सगळं गेलं असतं, आणि ते होतं हेसुद्धा जगात कुणाला कळलं नसतं. मी तुमच्या खुर्चीत बसून मोठ्याने म्हणाले, "काय माणूस आहे हा!" वहिनी दारात होत्या. "मी पण तेच म्हणते," त्या म्हणाल्या, आणि मग आम्ही दोघी रडलो. नऊ दिवसांत मी तेव्हा पहिल्यांदा रडले.

टिपणाची शेवटची ओळ सोमवारची होती. माझा फोन झाल्यानंतरची, रात्री जेवणाआधीची. 'मास्तरीणबाई रागावल्या. बरोबर आहे. हे सगळं फाईलमध्ये टाकणे बाकी. शनिवारी बसून.'

त्यावर मला जे म्हणायचं आहे ते मी इथे लिहीत नाही. फोन मी आधी ठेवला, एवढं वर लिहिलं आहे. ते पुरे.

रविवारी तुमचा तेरावा होता. "जेवायला येशीलच, तेव्हाच कर तुझं काम," वहिनी म्हणाल्या. रविवारी डायलिसिस नसतं, चारची विचारणा मात्र असते, सोमवारच्या खुर्च्यांची. अडीच वाजता, पंगत उठल्यावर, मी आतल्या खोलीत बसले. अकरा आकडे आणि तुमची कारणं फाईलमध्ये गेली होती, दोनदा तपासून. मी जुना प्रोग्रॅम थांबवला. करवत अर्ध्या दातावर थांबली. पडद्यावर एक चौकोन आला: संपर्क तुटला, पुन्हा जोडायचा का?

"काय विचारतंय ते?" वहिनींनी विचारलं.

"पुन्हा जोडायचं का, विचारतंय."

"मग?"

"नाही म्हणायचं, वहिनी. आता काम दुसऱ्या मशीनवर."

त्यांनी मान हलवली. मी 'नाही' वर टिचकी मारली. मग माझ्या लॅपटॉपवरून नवा सुरू केला. त्याच्या किल्ल्या तीन आहेत, तिघांकडे. तुम्ही हसला असतात.

चार वाजता विचारणा सुरू झाली. एकेका केंद्राची उत्तरं येत गेली. घाटातल्या केंद्राची पाळी आली आणि सेकंद मोजणारा आकडा वीसच्या पुढे गेला. चाळीस. साठ. बाहेरच्या खोलीत तुमचे मेहुणे कुणाला तरी तुमची तब्येत किती ठणठणीत होती ते सांगत होते. ऐंशी. मोजलेले अठ्ठ्याऐंशी गेले. नव्वद झाले. मी मनात म्हटलं, अण्णा, शंभर लिहायला काय झालं होतं तुम्हाला? कशाला इतकं मोजून मापून? वहिनींनी माझ्या खुर्चीची पाठ धरली होती.

ब्याण्णवला उत्तर आलं. चार खुर्च्या.

"आय्तु?" वहिनींनी विचारलं.

"झालं," मी म्हणाले.

तुमचा कॉम्प्युटर वहिनींनी त्या संध्याकाळी बंद केला. चिठ्ठी काढली नाही.

फाईल आता कोरमंगलाच्या ऑफिसात सगळ्यांना दिसते. तिच्यात अकरा ओळी तुमच्या आहेत, प्रत्येकीच्या शेजारी तुमचं कारण. अकराव्या ओळीशेजारी तुमच्या टिपणात जे होतं तेच मी जसंच्या तसं ठेवलं आहे: 'कारण आठवत नाही. हात लावू नये.' मी लावलेला नाही.